‘बॅग डायरेक्ट जाते’ असं सांगण्याआधी: तिकीट एजंट मंडळींना खुलं पत्र

प्रति,
नागपूर, कोल्हापूर, नांदेड, जळगाव, छत्रपती संभाजीनगर आणि आसपासच्या तालुक्यांतले सर्व विमान तिकीट एजंट

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बहुतेकांना मी ओळखत नाही, पण तुम्ही काढून दिलेली तिकिटं बरीच वर्षं माझ्या हाताखालून गेली आहेत. सहारला, म्हणजे मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २ वर, आंतरराष्ट्रीय विमानांच्या चेक-इन काउंटरवर माझी नोकरी झाली. प्लास्टिकच्या पाकिटात नीट घडी घातलेला प्रिंटआउट पुढे यायचा. वर तुमच्या ऑफिसचं नाव, खाली मोबाइल नंबर, कुणाकुणाच्या कागदावर ‘शुभ प्रवास’ आणि कोपऱ्यात गणपती. काही अडलं की प्रवाशाचा पहिला फोन तुम्हाला जायचा, परदेशातल्या मुलाला नंतर. इतका विश्वास तुमच्यावर आहे, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

तक्रार एका वाक्याची आहे. नागपूर ते मुंबई एका कंपनीचं तिकीट, मुंबईहून पुढे अमेरिकेपर्यंत दुसऱ्या कंपनीचं, दोन वेगळे पीएनआर, म्हणजे आरक्षणाचे नंबर. गिऱ्हाईक विचारतं, “बॅग डायरेक्ट जाईल ना?” आणि तुम्ही म्हणता, “हो हो, जाते.”

जात नाही. क्वचित कधी गेली असेल, तीही काउंटरवरच्या माणसाच्या आणि दोन कंपन्यांमधल्या कराराच्या कृपेनं.

बॅगेच्या मुठीला जो लांब टॅग लावतात त्यावर दहा आकडी नंबर असतो. त्यातले तीन आकडे विमान कंपनीचे, शेवटचे सहा त्या बॅगेचे. शेजारी ठळक तीन अक्षरं असतात, बॅग जिथं द्यायची त्या विमानतळाची. नागपूरच्या काउंटरवरचा मुलगा हा टॅग त्याच्यासमोर उघडलेल्या पीएनआरवरून छापतो. त्या पीएनआरमध्ये प्रवास मुंबईला संपतो. पुढचं तिकीट प्रवाशाच्या पाकिटात आहे, त्या मुलाच्या पडद्यावर नाही. टॅगवर ‘बीओएम’ छापलं गेलं की बॅग उचलणाऱ्या लोडरपासून स्कॅनरपर्यंत सगळ्यांच्या लेखी ती मुंबईची बॅग. ती मुंबईच्या बेल्टवर येणार आणि कुणी उचलत नाही म्हणून बराच वेळ फिरून बाजूला काढली जाणार.

तोवर तिचा मालक माझ्यासमोर उभा. मी विचारायची, “सामान?” काका म्हणायचे, “ते डायरेक्ट येतंय, आमच्या एजंटनं सांगितलंय.” मग मी बोर्डिंग पासच्या मागं चिकटवलेली टॅगची पावती मागायची. ती तीन अक्षरं वाचून दाखवताना समोरच्याचा चेहरा कसा होतो, ते तुम्ही एकदा काउंटरच्या या बाजूला उभं राहून बघायला हवं होतं. सामान टर्मिनल १ वर, माणूस टर्मिनल २ वर. आगमन कक्षातून एकदा बाहेर पडलं की मनात आलं म्हणून परत आत जाता येत नाही. कंपनीच्या माणसाला शोधायचं, त्यानं सुरक्षा रक्षकांशी बोलायचं, ओळखपत्र दाखवायचं. इकडे आमचा काउंटर बंद व्हायला तास-दीड तास उरलेला.

मुंबईतली दोन टर्मिनलं एकाच विमानतळाची असली तरी प्रवाशासाठी ती एका छताखाली नाहीत. टर्मिनल १ सांताक्रूझच्या बाजूला, टर्मिनल २ सहारला. मध्ये चार-पाच किलोमीटरचा रस्ता आणि त्यावर मुंबईची वाहतूक. पुढचं तिकीट असणाऱ्यांसाठी बस आहे, ती मिळेपर्यंत थांबायचं. कुठली कंपनी कुठल्या टर्मिनलवर, हे वेळोवेळी बदलतं, तेव्हा तिकीट देताना त्या दिवशीचं टर्मिनल बघून पेनानं मोठं लिहा.

त्यात आता नवी मुंबई आली. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं सुरू झाली. देशांतर्गत सेक्टर, म्हणजे प्रवासाचा टप्पा, निवडताना पडद्यावर ‘मुंबई’ म्हणून दोन्ही विमानतळांची यादी एकत्र दिसते आणि स्वस्त दिसेल ते पटकन दाबलं जातं. उलव्याला, म्हणजे नवी मुंबईच्या विमानतळावर, उतरलेल्या माणसाला दोन-तीन ट्रॉल्यांएवढं सामान घेऊन सहार गाठायचं म्हणजे अख्खी मुंबई आडवी ओलांडायची. तळकोकणातल्या मंडळींना हा धडा आधीच मिळाला आहे. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचं विमानतळ सुरू झालं, तेव्हापासून ‘गोवा’ म्हणजे दाबोळी की मोपा हे विचारावं लागतं. एक गोव्याच्या उत्तर टोकाला, दुसरं दक्षिणेकडं.

तुम्ही म्हणाल, आम्ही मध्ये भरपूर वेळ ठेवतो. ठेवता, आणि तो कधीकधी इतका असतो की त्याचीच शिक्षा होते. युरोप-अमेरिकेची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. गावाकडचं विमान दुपारी येतं. आमचे काउंटर साधारण तीन ते चार तास आधी उघडतात, त्याआधी सामान कुणी घेत नाही. मग साठी-पासष्टीचं जोडपं ट्रॉलीला धरून संध्याकाळभर बसून राहतं. एकानं सामानाजवळ बसायचं तेव्हा दुसऱ्यानं टॉयलेटला जायचं. एकटी बाई असेल तर तीही सोय नाही, ट्रॉली दारात सोडून जाता येत नाही आणि आत नेता येत नाही. पाणी पिणंच बंद केलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. गुडघेदुखीसाठी तुम्ही त्यांची व्हीलचेअर नोंदवलेली असते, पण ती त्या त्या तिकिटापुरती. पहिल्या कंपनीची व्हीलचेअर पहिल्या टर्मिनलच्या दाराशी संपते. दुसरी पुढच्या कंपनीच्या काउंटरपासून सुरू होते. मधला पल्ला कुणाचाच नाही.

आता वजन. इथं तर तुम्ही गिऱ्हाइकाला अंधारात ठेवता असं मी स्पष्टच म्हणेन. अमेरिकेच्या तिकिटावर पुष्कळ कंपन्या २३ किलोच्या दोन बॅगा देतात, म्हणजे माणशी ४६ किलो. देशांतर्गत साध्या तिकिटावर १५ किलो. एकच तिकीट असतं तर सर्वसाधारणपणे लांबच्या प्रवासाची मर्यादा नागपूरपासूनच लागू झाली असती. तिकीट असं दोन वेगळ्या तिकिटांत तोडलं की नागपूरच्या काट्यावर माणशी ३१ किलो जादा निघतात. किलोमागे काही शे रुपये मोजावे लागतात, आणि ते विमानतळावर, ऐन वेळी. तुम्ही वाचवून दिलेले पाच-सात हजार तिथंच, तुमच्या शहरातच, जातात. फरक एवढाच की ते तुमच्या बिलात दिसत नाहीत.

हे पैसे वाचवायला लोक काय करतात? जमिनीवर बॅगा उघडतात. सुतळीनं बांधलेली गाठ सुटत नाही म्हणून दातानं सोडवलेली मी पाहिली आहे. कुरडयांचा डबा इकडे, गोधडी तिकडे, मुलाच्या बाळासाठी शिवलेल्या लंगोटांची पिशवी काकूंच्या पर्समध्ये. लोणच्याची बरणी जड म्हणून हातातल्या पिशवीत येते आणि सुरक्षा तपासणीत अडते. तीच बरणी मोठ्या बॅगेत राहिली असती तर बिनबोभाट पोचली असती. आणि जाता जाता सांगते, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत. खोबऱ्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून २०२२ पासून त्यावर बंदी आहे. गोडा मसाला घरीच करून न्या म्हणावं.

विमान चुकलं तर काय, हे तुम्हाला ठाऊक आहे, गिऱ्हाइकाला नसतं. एका तिकिटावर दोन सेक्टर असतील तर आरक्षणाची यंत्रणाच त्या विमानतळाला ठरलेल्या किमान वेळेपेक्षा कमी अंतराची विमानं विकू देत नाही. पहिलं विमान लटकलं तरी पुढं पोचवणं कंपन्यांच्या अंगावर असतं. तुम्ही दोन खिडक्या उघडून दोन तिकिटं काढता तेव्हा ती राखण करणारं कुणी नसतं. नागपूरचं विमान धुक्यात किंवा पावसात तीन तास उशिरा आलं, तर पहिल्या कंपनीनं तिचं काम पूर्ण केलं, तिनं मुंबईला आणलं. दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीनं प्रवासी आलाच नाही. ‘नो शो’ लागला की तिकिटावरचे पुढचे सगळे सेक्टर रद्द होतात, परतीचासुद्धा. डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या भरपाईच्या नियमांतही चुकलेल्या जोडविमानाची दखल एकाच तिकिटावरच्या प्रवासापुरती आहे. मुलाच्या बाळंतीण बायकोसाठी निघालेल्या एका आईचं दोन्ही बाजूंचं तिकीट असं माझ्यासमोर गेलं. कंपनीचं नाव घेत नाही, नियमाप्रमाणे तिचं काही चुकलं नव्हतं. नवीन तिकिटाची रक्कम ऐकून त्या बाईंनी फक्त विचारलं, “मग हे जुनं कशासाठी होतं?”

तुमच्यातले जुने जाणते म्हणतील, पूर्वी काउंटरवर दोन्ही तिकिटं दाखवली की शेवटपर्यंत टॅग मारून द्यायचे. बरोबर आहे, द्यायचे. दोन कंपन्यांमध्ये इंटरलाइन करार असेल तर एकीचा टॅग दुसरीला चालतो, आणि त्या आधारावर वेगवेगळ्या तिकिटांच्या बॅगाही पुढं जायच्या. पण तो करार असणं वेगळं आणि वेगळ्या तिकिटावर बॅग पुढं पाठवणं वेगळं. वनवर्ल्ड या गटानं २०१६ च्या जूनपासून आपल्या सदस्य कंपन्यांवरची अशी बॅग पुढं पाठवण्याची सक्ती काढून टाकली, आणि ब्रिटिश एअरवेजनं वेगळ्या बुकिंगवर बॅग पुढं पाठवणं बंदच केलं. रायनएअर, ईझीजेटसारख्या स्वस्त कंपन्या तर आपलं काम एका विमानतळापासून दुसऱ्यापर्यंतच असं उघड सांगतात. आपल्याकडच्या स्वस्त विमानांबाबतही तुम्ही हेच धरून चाला. ‘विनंती करून बघा’ हा सल्ला देऊन गिऱ्हाइकाला आमच्याकडं पाठवू नका. रात्री दीडच्या रांगेत ती विनंती नाकारायचं काम मग माझ्यासारखीला करावं लागतं.

मुंबईतला घोळ निदान आपल्या देशात होतो. बॅग परदेशातल्या मधल्या विमानतळावर उतरणार असेल तर प्रश्न सामानाचा राहत नाही, व्हिसाचा होतो. हा भाग कृपा करून दोनदा वाचा.

मुंबई-लंडन एक तिकीट, लंडन-टोरांटो दुसरं. बॅगेवर लंडनचा टॅग. बॅग घ्यायची तर इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागतं, पुन्हा काउंटरवर जावं लागतं. विमानतळाच्या आत राहून विमान बदलण्याचा जो ट्रान्झिट व्हिसा असतो तो इथं पुरत नाही. अमेरिका-कॅनडाचा व्हिसा असणाऱ्यांना ब्रिटननं काही अटींवर सवलत ठेवली आहे, ती त्या प्रवाशाला लागू होते का हे तिकीट काढण्याआधी तपासायचं, नंतर नाही. फ्रँकफर्टला किंवा पॅरिसला बॅग घ्यायला बाहेर यायचं तर शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक, व्हिसा हवा. दुबईत उतरून शारजाहून पुढचं विमान काढलंत तर मध्ये युएईमध्ये प्रवेश आलाच. अमेरिकेत तर एकाच तिकिटावरसुद्धा पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन होतं, आणि बॅगही बहुतेक वेळा तिथंच उचलून कस्टम्समधून न्यावी लागते.

आणि हे तिथं पोचल्यावर नाही, मुंबईतच कळतं. आम्ही काउंटरवर प्रत्येक प्रवाशाची कागदपत्रं टिमॅटिक नावाच्या यंत्रणेत तपासतो. चुकीचा माणूस विमानात बसवला तर त्या देशाचा दंड आणि त्याला परत आणायचा खर्च कंपनीवर येतो. त्यामुळे ‘जाऊ द्या ना मॅडम, तिथं बघून घेतील’ हे चालत नाही. पासपोर्ट खरा, व्हिसा खरा, तिकीट खरं, आणि तरी बोर्डिंग पास मिळत नाही. का, ते बापाला समजावून सांगायला मराठीत शब्द होते माझ्याकडं, पण वेळ नसायचा.

परतीचा प्रवास त्या मानानं सोपा, तरी एक गैरसमज तिथंही आहे. परदेशातून येणाऱ्याचं सामान भारतात पहिल्यांदा जिथं उतरतं तिथं बहुतेक वेळा कस्टम्समधून न्यावं लागतं. तिकीट एक असलं, टॅगवर नागपूर छापलेलं असलं, तरी मुंबईत बॅग उचलायची, हिरव्या मार्गानं बाहेर यायचं आणि ट्रान्सफर काउंटरवर पुन्हा द्यायची. टॅगवर नागपूर बघून निवांत नागपूरला पोचलेले आणि बॅग मुंबईच्या बेल्टवर सोडून आलेले लोक कमी नाहीत. तिकीट वेगळं असेल तर पुन्हा १५ किलोचा काटा आणि पुन्हा टर्मिनल बदलणं.

बॅग हरवली तर? एका तिकिटावर ती शेवटच्या विमानतळावर आणून देणं कंपन्यांचं काम. तोडलेल्या तिकिटावर पहिल्या कंपनीची जबाबदारी मुंबईपर्यंत. बॅग दुसऱ्या दिवशी मुंबईत आली तर ती मुंबईतच राहते आणि तिचा मालक शिकागोत थंडीत. अशा वेळी प्रवाशानं मुंबईत, बेल्टजवळच, पहिल्या कंपनीकडं पीआयआर म्हणजे सामानाच्या तक्रारीची नोंद करूनच पुढं जायला हवं, आणि त्याचा नंबर तुम्हाला पाठवायला हवा. आंतरराष्ट्रीय प्रवासाला मॉन्ट्रियल करार लागू होतो. बॅग मोडली-फाटली तर ताब्यात मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळाली तर २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. कंपनीच्या जबाबदारीची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) आहे. पण तोडलेल्या तिकिटाचा नागपूर-मुंबई तुकडा हा साधा देशांतर्गत प्रवास ठरवला जाऊ शकतो, आणि मग भांडण कुठल्या नियमानं करायचं इथूनच सुरुवात होते.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. कंपन्यांनी कमिशन जवळजवळ बंद केलं, गिऱ्हाईक मोबाइलवर भाव उघडून तुमच्या समोर बसतं आणि ‘इथं चार हजारांनी कमी दिसतंय’ म्हणतं. ते कमी दिसणारं बहुधा असंच तोडलेलं असतं, कुठंतरी बारीक अक्षरांत ‘सेल्फ ट्रान्सफर’, म्हणजे मधला बदल तुमचा तुम्ही करा, असं लिहिलेलं. तुम्ही एका तिकिटाचा भाव सांगितलात तर ते शेजारच्या दुकानात जाईल ही भीती खरी आहे.

पण दोन भाव शेजारी शेजारी लिहून द्यायला काय हरकत आहे? एकाच तिकिटाचा एक. तोडलेल्याचा दुसरा, त्यात नागपूरच्या काट्यावरचे जादा किलो, टॅक्सी आणि व्हिसा लागणार असेल तर तोही मिळवून. पुष्कळदा फरक उरतच नाही. देशातल्या कंपन्यांचे परदेशी कंपन्यांशी कोडशेअर करार आहेत, म्हणजे एकीच्या विमानाचं तिकीट दुसरीच्या नावानं विकता येतं. इंडिगोचाच कतार एअरवेजशी आहे. त्यामुळे लहान शहरापासून शेवटपर्यंत एक पीएनआर मिळण्याची शक्यता पूर्वीपेक्षा वाढली आहे. जीडीएसमध्ये, म्हणजे तुमच्या तिकिटं काढायच्या यंत्रणेत, दोन मिनिटं जास्त शोधावं लागतं, इतकंच.

कुणाला तोडलेलंच हवं असेल तर जरूर द्या. हलक्या सामानाचा, एकटा, अमेरिकेत शिकणारा तरुण मुंबईत मावशीकडं एक रात्र काढून आरामात जाईल, त्याचे पैसे का वाया घालवा? माझं भांडण त्या तिकिटाशी नाही. ते काय आहे हे न सांगता देण्याशी आहे.

म्हणून एक विनंती. असं तिकीट देताना खालचा मजकूर कागदावर छापून, समोर वाचून दाखवून, सही घेऊन द्या. कुणीही घ्यावा, बदलावा, माझं नाव नको:

“ही दोन वेगळी तिकिटं आहेत. तुमचं सामान मुंबईत उतरेल. ते बेल्टवरून ताब्यात घ्या, पुढच्या विमानाच्या टर्मिनलवर घेऊन जा आणि तिथल्या काउंटरवर पुन्हा द्या. पहिल्या विमानात माणशी ….. किलो चालतं, दुसऱ्या विमानात ….. किलो. दुसऱ्या विमानाचा काउंटर ….. वाजता उघडतो आणि ….. वाजता बंद होतो. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी थांबणार नाही, आणि न वापरलेल्या तिकिटाचे पैसे बहुतेक परत मिळणार नाहीत. सामान मिळालं नाही तर बेल्टजवळच तक्रार नोंदवा आणि आम्हाला फोन करा. हे मला समजलं.”

मोकळ्या जागा पेनानं भरल्या तरी चालतील. टाइप मात्र मोठा घ्या. वाचणाऱ्याचं वय साठीच्या पुढं असतं आणि जवळचा चष्मा बहुतेक वेळा मोठ्या बॅगेत गेलेला असतो.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सहारच्या काउंटरवरून निवृत्त झालेली एक कर्मचारी